नाव एक, दारे दोन

‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या दोन शब्दांतील भेद मराठी शाळकरी मुलालाही कळतो. एकाने गुरुजनांचा बोध होतो, दुसऱ्याने स्वयंपाक्यांचा. इंटरनेटवरील पत्त्यांच्या यंत्रणेला मात्र हा भेद नेहमीच कळत होता असे नाही. हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा आहे असे मानून सुशिक्षित वर्गाने तिकडे पाठ फिरवावी, हे आम्हांस उचित वाटत नाही.

इंटरनेटवरील नावांसाठी मूळची सोय इंग्रजी अक्षरे, अंक आणि जोडरेघ एवढ्यांचीच. अन्य लिप्यांतील नावे चालावीत म्हणून २००३ साली एक मानक प्रसिद्ध झाले. दिलेले नाव आधी ठराविक साच्यात बसवावयाचे व मग इंग्रजी अक्षरांच्या सांकेतिक रूपात बदलावयाचे, अशी ती योजना होती. पण या साच्यात अनेक भाषांचे अवयव छाटले गेले. जर्मन भाषेतील ‘एस्सेट’ या अक्षराचे दोन ‘एस’ झाले. ग्रीक शब्दाच्या अंती येणारा वेगळ्या आकाराचा ‘सिग्मा’ साधा झाला. अक्षरे जोडणारी व तोडणारी जी दोन अदृश्य चिन्हे आहेत, ती तर गाळूनच टाकण्यात आली. जर्मन भाषेत एस्सेटने लिहिलेला ‘बूस’ म्हणजे प्रायश्चित्त आणि दोन ‘एस’ने लिहिलेला म्हणजे मोटारबसगाड्या! फारसीत तोडणारे चिन्ह गळाले की ‘एक पत्र’ या अर्थाचा शब्द ‘नावे’ या अर्थाकडे वळतो. आपल्याकडे पूर्वी ‘दऱ्या’तील अर्धा र पुष्कळदा जोडचिन्हाच्या साह्याने टंकित होई. ते चिन्ह गळाले की दऱ्यांचा ‘दर्या’ व्हावा!

ही चूक २०१० साली प्रसिद्ध झालेल्या नव्या मानकाने सुधारली. ही चारही अक्षरचिन्हे त्याने मान्य केली, अदृश्य चिन्हांवर तेवढी संदर्भाची मर्यादा घातली. जुने मानक युनिकोडच्या एकाच आवृत्तीस जखडलेले होते. नवे तसे नसल्यामुळे मागाहून आलेल्या लिप्यांनाही त्यात स्थान मिळाले. सुधारणा योग्यच होती. आमचा प्रश्न सुधारणेविषयी नाही, संक्रमणाविषयी आहे.

मराठीनेही असे संक्रमण अनुभविले आहे. १९६२ साली लेखनाचे नवे नियम मान्य झाले आणि व्युत्पत्तीने येणारे अनुस्वार गेले. पुढे कित्येक वर्षे जुने व नवे लेखन शेजारी शेजारी नांदले, पण कोणाचे पत्र चुकीच्या घरी गेले नाही, कारण वाचणारा माणूस होता. यंत्राला असा विवेक नाही. एस्सेट असलेले एकच नाव जुन्या नियमाचा ब्राउझर एका स्थळी नेई आणि नव्या नियमाचा दुसऱ्या. ही दोन स्थळे दोन भिन्न मालकांची असली आणि त्यांतील एक लबाड असला, तर पतपेढीचा ग्राहक आपला गुप्त संकेतशब्द कोणाच्या हाती देईल, हे सांगावयास नकोच.

जर्मनीच्या नोंदणीसंस्थेने हे ओळखले. एस्सेटची नावे १६ नोव्हेंबर २०१० रोजी सर्वांना खुली करण्यापूर्वी तिने दोन ‘एस’ असलेल्या नावांच्या धारकांना तीन आठवड्यांचा अग्रहक्क दिला. ही दूरदृष्टी अनुकरणीय आहे. उलट, युनिकोड संघटनेने त्याच वर्षी दोन मानकांमध्ये जो तात्पुरता पूल बांधला, तो कोणत्या तारखेस काढावयाचा हे ठरले नव्हते. काही ब्राउझर लवकर पलीकडे गेले. क्रोमने २०२३ साली तो ओलांडला आणि त्याच वर्षी युनिकोडने ही तात्पुरती रीत कालबाह्य ठरविली. एका सुधारणेस तेरा वर्षे लागली! ज्या पुलास मुदत नसते तो रस्ताच होऊन बसतो, हाच याचा बोध.

मग इंग्रजी अक्षरांतच नावे ठेवावीत, हा वाद कशाला, असे म्हणणारे भेटतील. त्यांना आमचे उत्तर असे की, आपल्या दारावरची पाटी आपल्या लिपीत असावी ही इच्छा चैनीची नव्हे. २०१४ साली देवनागरी ‘.भारत’ अवतरले ते याच इच्छेने. पण पाटी लावली की ती वाचून येणाऱ्याची जबाबदारीही आली. आज ‘दऱ्या’ स्वतंत्र ‘ऱ’ घेऊन लिहिता येते, जोडचिन्हानेही लिहिता येते. डोळ्याला दोन्ही एकच दिसतात, यंत्राला मात्र ती दोन नावे आहेत. पत्त्याच्या शेवटच्या पदात ही अदृश्य चिन्हे वर्ज्यच ठेवण्यात आली आहेत, ते शहाणपणाचे आहे.

म्हणून आमच्या मागण्या तीन. डोळ्याला एकसारखी दिसणारी नावे नोंदणीसंस्थांनी एकाच मालकास द्यावीत, नाहीतर दुसरे रोखून ठेवावे. शासकीय कार्यालयांनी व पतपेढ्यांनी मराठी नावांच्या टंकनाची एकच रीत ठरवून ती पाळावी. आणि यापुढे कोणतेही मानक बदलताना संक्रमणाची अंतिम तारीख पहिल्याच दिवशी जाहीर व्हावी. नियम करणारे नियम करून मोकळे होतात, फसगत सामान्य माणसाच्या वाट्यास येते. त्याने आपल्या भाषेतील नावावर ठेवलेला विश्वास एका अदृश्य चिन्हापायी गमावला जाऊ नये, एवढी काळजी घेणे हे नियमकर्त्यांचे कर्तव्यच आहे.