वगळलेली सोळा उड्डाणे

27 जानेवारी 1986 ची रात्र. दुसऱ्या दिवशी चॅलेंजर हे स्पेस शटल यान झेपावणार होते आणि फ्लोरिडात गोठवणाऱ्या थंडीचा अंदाज होता. बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांना घोर लागला होता तो सांध्यांमधल्या रबरी कड्यांचा, म्हणजे ओ-रिंगचा. रबर गारठले की ताठरते, फट वेळेत बुजत नाही आणि तप्त वायू निसटतो. 'नासा'शी फोनवर झालेल्या त्या रात्रीच्या चर्चेत एक मुद्दा आडवा आला: आधीच्या उड्डाणांत ओ-रिंगला इजा 12 अंश सेल्सियसला झाली तशी 24 अंशांनाही झाली होती; मग दोष थंडीचा कसा?

त्याआधीची स्पेस शटलची उड्डाणे 24. एकाचे बूस्टर समुद्रात बुडाले, म्हणून तपासता आली 23. त्यांपैकी 7 उड्डाणांत ओ-रिंगला इजा दिसली होती. तेवढीच मांडली तर 12 ते 24 अंशांत ती विखुरलेली दिसतात. उरलेल्या 16 मध्ये काहीच बिघडले नव्हते, म्हणून त्यांचा विचारच झाला नाही! अपघातानंतर रॉजर्स चौकशी आयोगाने सगळी उड्डाणे एकत्र मांडली, तेव्हा चित्र पालटले. सुमारे 19 अंश किंवा त्याहून जास्त तापमानाच्या 19 उड्डाणांत इजा फक्त तिनांत. 17 अंश आणि त्याखालच्या चारही उड्डाणांत इजा.

बुडालेले बूस्टर आणि वगळलेली 16 उड्डाणे, दोन्ही गाळलेल्या नोंदीच. पण जातकुळी वेगळी. बूस्टर बुडाले ते पॅराशूटच्या बिघाडामुळे. ओ-रिंगशी त्याचा संबंध नव्हता, त्यामुळे नमुना एकाने घटला, इतकेच. सोळा मात्र गळाली ती 'इजा नाही' या निकालामुळेच. संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी 1976 मध्ये नेमका हाच भेद गणितात बसवला होता: किती नोंदी गेल्या यापेक्षा त्या का गेल्या, हे आधी पाहावे लागते. कारण निकालातच दडले असेल, तर उरलेल्या आकड्यांची सरासरी कितीही काटेकोर काढा, कल चुकीचाच निघू शकतो.

अभियंत्यांवर सगळे खापर फोडणे मात्र अन्यायाचे ठरेल. 12 अंशांखालची एकही नोंद नाही, तेव्हा त्याहून कमी तापमानात उडू नका, असे त्यांनी सांगितले होते. वरिष्ठांनी त्याच रात्री ती शिफारस फिरवली. सकाळी उड्डाणाच्या वेळी तापमान सुमारे 2 अंश होते. 73 सेकंदांत यान फुटले. सातही अंतराळवीर गेले.