निळी पडलेली स्ट्रॉबेरी

१९५०च्या दशकातील अमेरिकन मासिके चाळणाऱ्याची भूक गोठविलेल्या अन्नाच्या जाहिराती पाहून चाळवण्याऐवजी मरते, आणि त्याचे खापर तो छायाचित्रकारावर फोडून मोकळा होतो; परंतु या फिर्यादीतील पहिला आरोपी पाणी आहे, आणि त्याविरुद्ध साक्ष द्यावयास २०१० साली भौगोलिक मानांकन लाभलेली आपली महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी पुरेशी आहे. या फळात शेकडा नव्वद भाग पाणीच. ते सावकाश गोठू दिले तर बर्फाचे मोठाले स्फटिक पेशींच्या भित्तिका फोडतात, आणि बर्फ वितळताच मळ्यात टवटवीत दिसणारे तेच फळ स्वतःच्याच रसात बसकण मारते. घरच्या फ्रिजमध्ये एका रात्रीत याचा पडताळा घेता येतो. लॅब्राडॉरच्या कडाक्यात झटकन गोठलेली मासळी शिजविल्यावर ताजीच लागते, हे हेरून क्लॅरेन्स बर्ड्‌सआय याने शीघ्र गोठवणीचे तंत्र बसविले, व ६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे तो माल विक्रीस आला. स्फटिक बारीक झाले, नासधूस घटली, पण अजिबात टळली नाही.

छायाचित्रकाराची पंचाईत अशी की, गोठलेल्या फळाचे चित्र घ्यावे तर त्यावरील हिमकण प्रकाश विखरून तांबडा रंग पांढुरका करतात, आणि वितळवून घ्यावे तर त्या काळच्या मंद रंगीत फिल्मसाठी लावलेल्या प्रखर दिव्यांच्या धगीत फळ मान टाकते. कॅम्पबेल कंपनीने जाहिरातीतील सूपच्या भाज्या वर दिसाव्यात म्हणून तळाशी काचेच्या गोट्या घातल्या, आणि ते प्रकरण अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनपुढे जाऊन १९७० साली निकालात निघाले. सूप गोठविलेले नव्हते खरे, पण अडचण त्याच जातीची, आणि आमच्या मते हा गुन्हा निदान समजण्याजोगा होता.

उरलेला घात छापखान्याचा. निळी शाई केवळ तांबडाच प्रकाश शोषील तर काम भागते, परंतु ती थोडा हिरवाही गिळते. म्हणून छापील वाटाणा मळकट दिसतो. त्यावर ऊन लागले म्हणजे किरमिजी व पिवळी रंगद्रव्ये आधी मोडतात, आणि तांब्याच्या संयुगापासून केलेली निळी शाई तग धरून राहते. साताऱ्यापासून सांगली-मिरज रस्त्यापर्यंत आइस्क्रीमच्या दुकानांवरील जुन्या फलकांतील स्ट्रॉबेरी याच न्यायाने निळी पडते. काजळीच्या काळ्या शाईला मात्र उन्हाचा उपद्रव फारसा होत नाही. त्यामुळे फळ ओळखू येत नसले, तरी त्याखालचा दर स्वच्छ वाचता येतो, आणि तोही बहुधा जुनाच असतो.