टिपणांची परसबाग

जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान १९९८ साली वारले तेव्हा त्यांच्यामागे सुमारे ९० हजार चिठ्ठ्या उरल्या होत्या, लाकडी खणांत उभ्या रचलेल्या. त्यांची बहुतेक ग्रंथसंपदा याच चिठ्ठ्यांतून उगवली. खुबी होती ती क्रमांकांत. एका चिठ्ठीला २१, तिच्या मुद्द्याला फुटलेल्या फांदीला २१अ, त्या फांदीच्या फुटव्याला २१अ१. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शब्दकोशासाठी जमवलेल्या सुमारे १ कोटी चिठ्ठ्या आहेत. पण तिथे प्रत्येकीची जागा वर्णक्रमाने ठरते. लुमान यांच्याकडे ती शेजारणीवरून ठरायची.

त्याच १९९८ साली मार्क बर्नस्टीन यांनी वेबसाइटला बागेची उपमा देणारा निबंध लिहिला. पुढे २०१५ मध्ये माइक कॉलफिल्ड यांनी ओढा आणि बाग असा फरक मांडला. ओढ्यात ताजं ते वर, कालचं वाहून गेलं. गेल्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला चांगला लेख शोधून पाहिलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. बागेत तारखेला महत्त्व नाही. कुठल्या वाफ्यातून कुठे वाट जाते, ते महत्त्वाचं.

आता ही बाग संगणकावर लावता येते. पेशवाईत कात्रजच्या तलावाचं पाणी नळाने शनिवारवाड्यात कसं यायचं, यावर कुणी चार ओळी टिपल्या. काही महिन्यांनी मलिक अंबरने खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, बांधलेल्या नहरीबद्दल वाचलं, त्याचं दुसरं टिपण केलं आणि त्यात पहिल्याचं नाव दुहेरी चौकटी कंसात घातलं. ऑब्सिडियनसारखं अ‍ॅप तेवढ्यावर दोन्ही टिपणं जोडतं; पहिलं उघडलं तरी दुसरं त्याला जोडलेलं दिसतं. मग तिसरं टिपण आपसूक सुचतं: पंप नसताना निव्वळ उतारावर पाणी गावात आणायची विद्या. बागेचं खरं पीक हे तिसरं टिपण. शिवाय फायली साध्या मजकुराच्या, आपल्याच संगणकावर. उद्या अ‍ॅप बंद पडलं तरी टिपणं शाबूत.

घोळ होतो तो दुसरीकडेच. हौशी माळी रंगसंगती आणि टॅग निवडण्यात रविवार घालवतो, दुसऱ्याचे परिच्छेद जसेच्या तसे डकवतो आणि तण काढायला पुन्हा फिरकत नाही. त्याला अडगळीची खोली म्हणावं, बाग नव्हे. एका टिपणात एकच मुद्दा, तोही स्वतःच्या शब्दांत, एवढं पथ्य पाळलं तरी पुष्कळ.

लुमान यांच्या चिठ्ठ्या बीलेफेल्ड विद्यापीठाने ऑनलाइन खुल्या करायला घेतल्या आहेत. त्यांतल्या एकीवर त्यांनी नोंदवून ठेवलंय, की बाकी सगळ्या चिठ्ठ्यांना खोटं पाडणारी एक चिठ्ठी या पेटीत आहे. पण खण ओढला, की ती नाहीशी होते.