दुसऱ्या भागाची वाट कोण पाहतं?

विज्ञानपट कुठे चालतात आणि का चालतात, याचा विचार करणाऱ्याला २०१५ या वर्षाने एक प्रयोग आयताच करून दिला. त्या वर्षी जूनमध्ये ‘ज्युरासिक वर्ल्ड’ आला आणि डिसेंबरात ‘स्टार वॉर्स : द फोर्स अवेकन्स’. दोन्ही जुन्या, गाजलेल्या चित्रपटांचे पुढचे भाग, दोन्ही प्रचंड खर्चाचे आणि दोन्हींची जाहिरात कान किटेपर्यंत झालेली. ‘ज्युरासिक’ मालिकेत त्याआधी चौदा वर्षं काहीच आलं नव्हतं आणि स्पीलबर्गच्या मूळ चित्रपटाला बावीस वर्षं उलटली होती. ‘स्टार वॉर्स’च्या मालिकेत मधल्या काळात चित्रपट आले खरे, पण ते सगळे मागची कथा सांगणारे होते. ल्यूक, लेया आणि हान सोलो यांचं पुढे काय झालं, हा प्रश्न १९८३ पासून बत्तीस वर्षं लटकलेला होता. अमेरिकेत ‘स्टार वॉर्स’ने ९३ कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवून तिथला विक्रम मोडला, ‘ज्युरासिक वर्ल्ड’ तिथे सुमारे ६५ कोटींवर थांबला. चीनमध्ये मात्र पारडं फिरलं. तिथे ‘ज्युरासिक वर्ल्ड’ने २२ कोटी डॉलरच्या वर कमावले, तर ‘स्टार वॉर्स’ने साधारण १२ कोटी. आपल्याकडेही तेच झालं. डायनासोर गावोगावच्या पडद्यांवर तुफान चालले. ‘स्टार वॉर्स’ ‘बाजीराव मस्तानी’ आणि ‘दिलवाले’ यांची गर्दी टाळून आठवडाभर उशिरा, नाताळच्या दिवशी आला आणि मोठ्या शहरांतल्या मल्टिप्लेक्सपलीकडे त्याची फारशी चर्चाही झाली नाही.

वर्ष तेच, चित्रपट तेच, जाहिरातीचं तंत्रही तेच. मग निकाल असा उलटा का लागला? माझ्या मते, बहुप्रतीक्षित चित्रपटाची ती प्रतीक्षा स्टुडिओत तयार होत नाही, ती घरात तयार होते. अमेरिकेत १९७७ साली दहा वर्षांचं असलेलं मूल २०१५ मध्ये अठ्ठेचाळीस वर्षांचं होतं. मधल्या काळात त्याने प्लास्टिकच्या बाहुल्या जमवल्या, व्हिडिओ कॅसेटवर तीच कथा असंख्य वेळा पाहिली आणि पुढे स्वतःच्या मुलांना शेजारी बसवून दाखवली. डार्थ व्हेडर कोणाचा बाप आहे, हे त्या घरातल्या पोरांना शाळेत जायच्या आधीच ठाऊक असतं. चीनमध्ये मूळ तीन चित्रपट थिएटरात प्रथम दाखवले गेले तेच २०१५ च्या उन्हाळ्यात, शांघायच्या महोत्सवात. म्हणजे ज्या गोष्टीची आठवण यायला हवी होती, तीच पहिल्यांदा पाहायची होती. आपल्याकडेही ‘स्टार वॉर्स’ हौशी मंडळींपुरता राहिला, घराघरात पोचला नाही. ‘ज्युरासिक पार्क’ची गोष्ट निराळी. १९९४ मध्ये तो हिंदी बोलत आला आणि हॉलिवूडच्या चित्रपटाला इंग्रजी न समजणारा प्रेक्षकही सहकुटुंब येतो, हे वितरकांना तेव्हा कळलं. त्या अंधारात आईचा दंड घट्ट धरून बसलेलं आठ वर्षांचं पोर २०१५ मध्ये एकोणतीस वर्षांचं झालं होतं. भाचे-पुतणे, कुठे कुठे स्वतःचं मूल, असं कोणीतरी त्याच्याबरोबर जायला तयारच होतं.

आता ‘ज्युरासिक वर्ल्ड’ या प्रेक्षकांना कसा वागवतो ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. झॅक आणि ग्रे हे दोन भाऊ जंगलात भटकत जुन्या पार्कच्या पडक्या इमारतीत शिरतात. खाली मातीत १९९३ च्या चित्रपटाच्या शेवटी डायनासोरवर तरंगत खाली आलेला तो कापडी फलक पडलेला आहे. पोरं त्याचा तुकडा फाडतात, एका हाडाला गुंडाळतात आणि पेटवून मशाल करतात. शेजारी अंधारात पाहायचा जुना चश्मा सापडतो. धाकटा तो डोळ्यांना लावून बघतो आणि बाजूला ठेवतो. गॅरेजमधली जुनी जीप दुरुस्त करून दोघं निघतात. कथेच्या हिशेबाने हे दोनच मिनिटांचं काम. पोरांना उजेड आणि गाडी मिळाली, संपलं. पण प्रेक्षागृहातल्या एका खुर्चीवर तो फलक जळताना काहीतरी हलतं आणि शेजारच्या खुर्चीवर फक्त ‘आता डायनासोर येणार’ एवढीच धाकधूक असते. एकाच वस्तूने दोन पिढ्यांशी दोन वेगळ्या गोष्टी बोलायच्या आणि कोणालाच परकं वाटू द्यायचं नाही, हे कसब आहे. याच चित्रपटात टी-रेक्स बकरी खात असताना थोरला भाऊ त्याच्याकडे पाठ करून फोनवर बोलत उभा असतो. दिग्दर्शक कॉलिन ट्रेव्होरोने प्रेक्षकांतल्या कंटाळलेल्या किशोराला सरळ पडद्यावरच आणून उभं केलं. पार्कचा मालक म्हणून इरफान खान दिसतो, हा आपल्या प्रेक्षकांसाठी बोनस.

हे लक्षात घेतलं की आणखी एक गोष्ट दिसते. दीर्घ खंडानंतर येणारे विज्ञानपट बहुतेक वेळा आईबाप आणि मुलांचीच गोष्ट सांगतात. ‘फोर्स अवेकन्स’मध्ये हान सोलोचा मुलगाच त्याचा जीव घेतो. तिथल्या रे या मुलीला ल्यूक स्कायवॉकर ही दंतकथा वाटते, म्हणजे पहिले चित्रपट न पाहिलेल्या मुलाची जागाच तिला दिली आहे. १९८२ चा ‘ट्रॉन’ घ्या. त्यात संगणकाने घडवलेली दृश्यं जेमतेम पंधरा-वीस मिनिटांची, पण त्या काळी ती अद्भुत होती. अठ्ठावीस वर्षांनी, २०१० मध्ये ‘ट्रॉन : लेगसी’ आला, त्यात हरवलेल्या बापाचा शोध घेत मुलगा बंद पडलेल्या व्हिडिओ गेमच्या दुकानात जातो, धूळभरली प्लास्टिकची आवरणं बाजूला सारतो, मेन स्विच ओढतो आणि जुनी यंत्रं एकदम उजळतात. जेफ ब्रिजेस त्यात दोनदा दिसतो. म्हातारा होऊन खरा, आणि संगणकाने तरुण केलेला खोटा. तो तरुण चेहरा आजही डोळ्याला खुपतो, पण खलनायक तोच असल्यामुळे चालून जातं. ‘अवतार’च्या दुसऱ्या भागात तर नायकाच्या पदरी चार मुलं आहेत. लेखकांना दुसरं काही सुचत नाही असं नव्हे. समोर कोण कोणाशेजारी बसलं आहे, हे त्यांना माहीत आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो व्यापाराचा. हा सगळा आठवणींचा धंदा आहे, चाळिशीतल्या माणसाच्या खिशाला हात घालण्याची युक्ती आहे, त्यात घरादाराचं कौतुक कशाला? धंदा आहे यात वाद नाही. चौघांची तिकिटं, पॉपकॉर्न आणि पार्किंग यांचा हिशेब केला, तर कुटुंब ओळखीच्या नावाकडेच का वळतं हेही कळतं. अनोळखी चित्रपटावर एवढे पैसे कोण लावेल? पण नुसत्या ओळखीच्या नावाने भागत असतं, तर ‘इंडिपेंडन्स डे : रिसर्जन्स’ आपटला नसता. १९९६ च्या पहिल्या भागाने ८० कोटी डॉलरच्या वर कमावले होते. बरोबर वीस वर्षांनी आलेल्या दुसऱ्याला त्याच्या निम्मेही मिळाले नाहीत. त्यात जुन्या नायकाचा मुलगा होता, राष्ट्राध्यक्षांची मुलगी होती, म्हणजे पिढ्यांची मांडणी अगदी पाठ्यपुस्तकी. कमतरता होती ती समजुतीची. पहिल्या भागात शहरावर येऊन थांबणारं यान सुमारे पंधरा मैल रुंद होतं, दुसऱ्यात ते तीन हजार मैलांचं केलं. जुन्या प्रेक्षकाला आठवण हवी होती, नव्याला आत शिरायला दार हवं होतं, आणि दोघांना मिळालं ते फक्त मोठं यान. घरातली प्रतीक्षा माणसाला पहिल्या दिवशी थिएटरपर्यंत आणते. त्याने शेजाऱ्याला ‘जाऊन या’ म्हणायचं की नाही, हे चित्रपटानेच मिळवायचं असतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण तो सगळ्यांत चांगल्या चित्रपटाचा आहे. ‘ब्लेड रनर’ जून १९८२ मध्ये आला आणि ‘ई.टी.’च्या लाटेत बुडाला. पुढे त्याच्या सुधारित आवृत्त्या निघत गेल्या, समीक्षकांनी तो डोक्यावर घेतला, आणि पस्तीस वर्षांनी, २०१७ मध्ये डेनी व्हिलनव्हचा ‘ब्लेड रनर २०४९’ आला. विज्ञानपटाच्या पुढच्या भागाची एक खास अडचण असते. मधल्या वर्षांत पहिल्या भागातलं भविष्य प्रत्यक्ष येऊन जातं. जुना ‘ब्लेड रनर’ २०१९ च्या लॉस एंजेलिसमध्ये घडतो आणि तिथे उडत्या मोटारी आहेत. व्हिलनव्हने ते भविष्य दुरुस्त केलं नाही, तसंच पुढे नेलं. १९९१ मध्ये बुडालेल्या पॅन अ‍ॅम विमान कंपनीची जाहिरात त्याच्या २०४९ मध्ये अजून झळकते. आणि पहिल्या भागाचा नायक डेकर्ड याच्या जुन्या प्रेयसीची हुबेहूब प्रतिकृती त्याच्यासमोर उभी केली जाते, तेव्हा तो डोळ्यांचा रंग चुकल्याचं सांगून पाठ फिरवतो. आठवणींच्या धंद्यावर इतकी नेमकी टीका त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कोणत्या चित्रपटाने केल्याचं मला आठवत नाही. छायालेखक रॉजर डीकिन्स यांना चौदाव्या नामांकनाला पहिलं ऑस्कर मिळालं ते याच कामासाठी. तरीही खर्चाच्या मानाने कमाई निराशाजनक झाली. मग प्रतीक्षा कुठे गेली? प्रतीक्षा होती, पण ती घरातली नव्हती. ‘ब्लेड रनर’ मित्रामित्रांत, वसतिगृहांत, फिल्म सोसायट्यांत हस्तांतरित झाला. शिवाय अमेरिकेत त्याला मुलांना एकट्याने प्रवेश नसणारं प्रमाणपत्र आणि लांबी जवळजवळ पावणेतीन तास. ज्याने वाट पाहिली तो एकटा गेला. एका घरातून एकच तिकीट फाटलं. चित्रपटाची प्रत आणि त्याचा गल्ला यांचा संबंध नाही, हे यातून दिसतं. प्रतीक्षा कुठून येते याबद्दलचं माझं म्हणणं मात्र यामुळे पक्कंच होतं.

‘अवतार’चं प्रकरण मात्र सहज सुटत नाही. २००९ नंतर तेरा वर्षं समीक्षक सांगत होते की या चित्रपटातलं एकही पात्र कोणाला नावानिशी आठवत नाही, घरात त्याची खेळणी नाहीत, मुलं त्याचा खेळ खेळत नाहीत. तरी डिसेंबर २०२२ मध्ये ‘द वे ऑफ वॉटर’ने जगभरात २३० कोटी डॉलरच्या पुढे आणि भारतात ३०० कोटी रुपयांहून अधिक कमावले. घरात काहीच नसताना ही प्रतीक्षा आली कुठून? माझा अंदाज असा की लोकांना कथा आठवत नव्हती, पण थ्रीडीचा चश्मा लावून एका रांगेत बसल्याची आठवण होती. तो अनुभव टीव्हीवर मिळत नाही, म्हणून तो घरात उजळताही येत नाही. पुन्हा थिएटरातच जावं लागतं. जेम्स कॅमरूनने सप्टेंबर २०२२ मध्ये पहिला भाग नव्याने पडद्यावर आणला, तो उगाच नव्हे. आणि दुसरा भागही असा रचला की पहिला न पाहिलेल्याचं काही अडत नाही: एक कुटुंब आहे, त्याला घर सोडून पळावं लागतं, समुद्राकाठच्या लोकांत पोहायला शिकावं लागतं. हे स्पष्टीकरण पुरेसं आहे असा माझा दावा नाही, पण आठवण कुटुंबाच्याच खात्यावर जमा होती, एवढं नक्की.

कुटुंबाने एकत्र पाहायचं म्हटलं की भाषेचा प्रश्न येतोच. ‘द वे ऑफ वॉटर’ आपल्याकडे इंग्रजीखेरीज हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम भाषांत आला. मराठीत आला नाही. मराठी माणसाला हिंदी कळतं, मग वेगळी आवृत्ती कशाला, असं यावर म्हटलं जातं. आणखी खरी अडचण ही की मराठी चित्रपटांनाच पडदे मिळत नाहीत, तिथे भाषांतरित हॉलिवूडने आणखी जागा खाल्ली तर काय? दुसरा मुद्दा गंभीर आहे आणि त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. असे खेळ मराठी चित्रपटांच्या वेळा सोडूनच लावायला हवेत. पण पहिला मुद्दा टिकत नाही. तीन तासांचा चित्रपट आजी आणि सहा वर्षांची नात एकत्र पाहतात, तेव्हा हिंदी ‘कळणं’ वेगळं आणि त्यावर दोघींनी परतीच्या रिक्षात भांडणं वेगळं. विज्ञानकथा मराठीला परकीही नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवली, तेव्हापासून हा वाचक इथे आहे आणि त्याची नातवंडंही आता वाचती झाली आहेत.

तेव्हा वितरकांना विनंती एवढीच की पुढच्या मोठ्या विज्ञानपटाचा निदान सकाळचा एक खेळ पुणे, नाशिक, कोल्हापूर आणि नागपूर इथे मराठीत लावून पाहावा. पैसे बुडाले तर पुढच्या वेळी लावू नये. आणि वाचकांना विनंती अशी की अशा चित्रपटाची तिकिटं काढण्याआधीच्या रविवारी पहिला भाग मुलांना शेजारी बसवून दाखवा, मधे थांबवत, त्यांचे प्रश्न ऐकत. थिएटरात प्रश्नांना वेळ नसतो, आणि मागच्या रांगेतले लोकही ओरडतात.