बीपीची गोळी फडावर संपली तर? ऊसतोडीला जाणाऱ्यांनी निघण्याआधी हे वाचा

बीड : दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारकडच्या टोळ्या निघतात. पीठ-मीठ, भांडी, कोयते, लेकरं सगळं गाडीत चढतं. बीपीची गोळी मात्र घरी फळीवर राहते, नाहीतर महिनाभराचीच सोबत जाते. हंगाम चालतो पाच-सहा महिने.

बहुतेकांच्या पाकिटावर नाव असतं अॅम्लोडिपिन, ५ मिलिग्रॅम. वरचं बीपी १४० किंवा खालचं ९० च्या पुढं सतत राहिलं, की सरकारी दवाखान्यात बऱ्याचदा हीच गोळी आधी सुरू होते. दिवसातून एकदाच घ्यायची आणि स्वस्त.

ही गोळी 'कॅल्शियम चॅनल ब्लॉकर' गटातली. नाव ऐकून काहीजण घाबरतात, हाडं ठिसूळ होतील म्हणून दूध सोडतात. तसं काही नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीत बारीक स्नायू असतात. त्यांच्यात कॅल्शियम शिरलं की ते आवळतात, नळी अरुंद होते आणि दाब वाढतो. पाटाचं दार लावावं तशी ही गोळी त्या स्नायूंत कॅल्शियम शिरायची वाट अडवते. नळी सैल पडते, दाब उतरतो. हाडातल्या कॅल्शियमला ती हात लावत नाही.

घोटाळा होतो तो दुसरीकडंच. अॅम्लोडिपिनचा पुरता असर दिसायला आठवडाभर लागतो आणि ती शरीरातून जातेही सावकाश. दोन दिवस गोळी चुकली तरी काही जाणवत नाही. मग माणूस म्हणतो, "बरंय की, कशाला गोळी?" आठवड्या-दोन आठवड्यांत दाब पुन्हा वर जातो, पण डोकं दुखेलच, चक्कर येईलच असं नाही. कळतं ते कधीकधी एकदम लकवा मारल्यावर. तपासणीत बीपी नॉर्मल आलं, ते गोळी चालू होती म्हणून आलं.

काहींना हीच गोळी छातीच्या दुखण्यासाठी, म्हणजे अंजायनासाठी दिलेली असते. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना छाती दाटून येते, डाव्या हातात कळ जाते, बसलं की थांबते. गॅस झाला म्हणून पुष्कळजण सोडून देतात. हृदयाला काम जास्त आणि रक्त कमी पडतंय, त्याची ही खूण. रोज घेतलेली अॅम्लोडिपिन हे दुखणं कमी करते, पण चालू दुखणं ती थांबवत नाही. त्यासाठी जिभेखाली धरायची गोळी वेगळी असते, डॉक्टरांनी दिली असेल तरच. आराम करूनही पाच-दहा मिनिटांत कळ थांबली नाही, घाम फुटला, तर १०८ ला फोन. अशा वेळी खाडा पडेल म्हणून कुणी उन्हात मोळ्या बांधत बसू नये, आणि मुकादमानंही तो लावू नये.

घोट्याला सूज आली की किडनी गेली, असं फडावर कुणीतरी सांगतंच. ही सूज या गोळीची नेहमीची तक्रार आहे, दिवसभर उभं राहिल्यानं ती वाढते. डॉक्टर डोस कमी करतात किंवा गोळी बदलतात. आपल्या मनानं लघवीची गोळी घेऊ नये. सुजेबरोबर दम लागत असेल तर मात्र लगेच दाखवावं.

आणखी एक. अंग दुखतं म्हणून टपरीवरून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रोज खाल्ल्या तर बीपी वाढतं. एकीकडं उतरवायचं, दुसरीकडं चढवायचं, असं चालतं.

निघण्याच्या आठवडाभर आधी उपकेंद्रात किंवा आशाताईंकडं जावं. हंगामाला जातोय, किती महिने आणि काम काय, हे स्पष्ट सांगून जास्तीत जास्त दिवसांच्या गोळ्या मागाव्यात. छाती भरून येत असेल तर आधी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात पट्टी काढून घ्यावी. चिठ्ठीचा आणि पाकिटाचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवावा. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, त्यामुळं सांगली, साताऱ्याकडं कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चिठ्ठी दाखवून पुढच्या गोळ्या मागता येतात. एखादे दिवशी विसरली तर आठवल्यावर घ्यावी. दुसऱ्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर राहू द्यावी, दोन एकदम घेऊ नयेत. पाकीट कोपीत चुलीपासून लांब, कोरड्या डब्यात ठेवावं.