जयंतीचा हिशेब मागतो, मग हक्काच्या निधीचा का नाही?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही बौद्धवाडीत जा. जयंती झाली की विहारात बैठक बसते. मंडपाला किती, जेवणाला किती, शिल्लक किती, हे पैशापैशाने वाचले जाते. मुंबई मंडळाचे चाकरमानी उलटतपासणी घेतात. या चोखपणाचा आम्हाला अभिमान आहे. पण त्याच वाडीसाठी शासनाने यंदा किती रक्कम धरली आणि ती कुठे गेली, हे आम्ही कितीजण विचारतो?

ज्यांचे मूळ गाव याच जिल्ह्यातले आंबडवे, त्या बाबासाहेबांनी 1925 साली ब्रिटिश भारतातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. 1927 साली मुंबई कायदेमंडळात गेल्यावर ते अर्थसंकल्पावर बोलले. आम्ही त्यांची घटना डोक्यावर घेतली. त्यांचे अर्थशास्त्र मात्र कपाटात ठेवले.

अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात योजनेतला निधी वेगळा काढावा, हे धोरण 1979 च्या सुमारास विशेष घटक योजनेच्या रूपाने आले. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात हे प्रमाण 11.8 टक्के आहे. ही खैरात नव्हे, हिस्सा आहे. तरीही मे 2025 मध्ये सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी 30 लाख रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. बहिणींना पैसे जरूर द्या. पण दलित वस्तीच्या ताटातले काढून का?

असे वळवणे रोखता येते काय? येते! दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धांसाठी या निधीतले सुमारे 744 कोटी रुपये वळवल्याचे 2010 साली हाउसिंग अँड लँड राइट्स नेटवर्क या संस्थेने माहिती अधिकारातून उघड केले. प्रकरण संसदेत गाजले आणि सरकारला चूक मान्य करावी लागली. आंध्र प्रदेशात सेंटर फॉर दलित स्टडीज आणि दलित संघटनांनी वर्षानुवर्षे आकडे मांडले, गावोगाव समजावले, सर्व पक्षांना गाठले. 2013 साली तिथे उपयोजनेचा कायदा झाला. त्याच वर्षी कर्नाटकात, 2017 ला तेलंगणात, 2022 ला राजस्थानात कायदे झाले. महाराष्ट्रात मुंबईच्या ‘समर्थन’ संस्थेने अर्थसंकल्पाचा अभ्यास करून आमदारांच्या हाती मुद्दे देण्याचा पायंडा पाडला. या सर्वांनी आधी आकडा हाती घेतला, मग आवाज उठवला. आम्ही बहुतेक वेळा आवाजापाशीच थांबतो.

रत्नागिरीत काम कुठून सुरू करायचे? जिल्हा नियोजन समितीपासून. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात, आणि जिल्हा वार्षिक योजनेत अनुसूचित जाती उपयोजनेचा भाग स्वतंत्र असतो. मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला जातो तेव्हा उशीर झालेला असतो; जिल्ह्याचे आराखडे त्याआधीच्या हिवाळ्यात ठरतात. म्हणून 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत वाडीची पाखाडी, पाणी, समाजमंदिर यांची मागणी लेखी ठरावात आली पाहिजे. ठरावाची प्रत नियोजन समितीच्या सदस्यांच्या हाती गेली पाहिजे. वर्षअखेरीस किती खर्च झाला, हे माहिती अधिकारात मागितले पाहिजे.

दुसरी गोष्ट अवघड आहे, तरी सांगणे भाग आहे. निधीवाटपाचा मुख्य आधार अनुसूचित जातींची लोकसंख्या. 2011 च्या जनगणनेत या जिल्ह्यात ती सुमारे 4 टक्केच नोंदली गेली. बौद्धांची संख्या त्याहून ठळकपणे अधिक आहे. कारण अनेकांनी धर्म बौद्ध लिहिला आणि जातीचा रकाना सोडला. ज्या जातीचे जोखड आम्ही 1956 साली फेकले, तिचे नाव पुन्हा का लिहावे, ही वेदना खरी आहे. आम्हालाही ती बोचते. परंतु 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या आहेत. 2027 च्या जनगणनेत धर्म बौद्ध आणि जात यादीप्रमाणे, अशी दोन्ही नोंद झाली तरच हिस्सा वाढेल. हा धम्माशी द्रोह नव्हे, हक्काची पावती आहे.

प्रत्येक गाव शाखेने दोन शिकलेली मुले-मुली या कामाला लावावीत. पुढच्या जयंतीच्या बैठकीत वर्गणीच्या हिशेबाखाली दुसरा हिशेबही वाचला जावा: शासनाकडून येणे किती, आले किती, बाकी किती. बाकी दिसली की मोर्चाचे कारण शोधावे लागणार नाही.