ललिता पवार : वयाच्या पुढे धावलेल्या भूमिका

चित्रपटात नायकाचे वय वर्षानुवर्षे जिथल्या तिथे राहते आणि नायिकेचे मात्र भराभर वाढते, हा अलिखित रिवाज समजून घेण्यासाठी ललिता पवार (१९१६–१९९८) यांच्या कारकिर्दीइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. नाशिक जिल्ह्यातील येवल्यात जन्मलेल्या ललिताबाई मूकपटांच्या, म्हणजे संवाद ऐकू न येणाऱ्या चित्रपटांच्या, काळात बालवयातच पडद्यावर आल्या, ‘हिम्मत-ए-मर्दा’ (१९३५) सारख्या बोलपटांतून नायिका म्हणून स्थिरावल्या आणि ‘दुनिया क्या है’ (१९३८) या चित्रपटाच्या निर्मात्याही झाल्या.

१९४२ मध्ये ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात सहकलाकार भगवान यांची चपराक अनावधानाने जोरात बसली, चेहऱ्याला पक्षाघात झाला आणि दीर्घ उपचारांनंतरही डावा डोळा अधूच राहिला. त्यांचे नायिकापद या चपराकीने हिरावले असे सांगण्याची प्रथा आहे आणि त्यात तथ्यही आहे. तथापि तेवढ्याने सारे उलगडत नाही. ‘प्रभात’च्या ‘रामशास्त्री’त (१९४४) त्यांनी साकारलेल्या आनंदीबाई महत्त्वाकांक्षी होत्या, वृद्ध नव्हत्या. त्यांना अकाली म्हातारपण दिले ते पुढच्या पात्रयोजनेने : व्ही. शांताराम यांच्या ‘दहेज’मध्ये (१९५०) त्या सुनेला छळणाऱ्या सासू झाल्या, तेव्हा त्यांचे वय चौतिशीच्या आसपास होते आणि मुलाच्या भूमिकेतील करण दिवाण त्यांच्याहून जेमतेम दीड वर्षाने लहान होते.

तेव्हापासून त्या चरित्र अभिनेत्री, म्हणजे नायक-नायिकेभोवतीची आई, सासू, मावशी अशी पात्रे रंगवणाऱ्या कलावती, म्हणून ओळखल्या गेल्या, आणि खाष्ट सासूचा साचा त्यांच्या नावाला असा चिकटला की त्या साच्याबाहेरचे त्यांचे काम झाकोळून गेले. चेंबूरच्या आर. के. फिल्म्सच्या ‘श्री ४२०’मधील (१९५५) केळेवाली भाव करताना कठोर, पण मनाने मायाळू आहे. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘अनाडी’तील (१९५९) मिसेस डिसा तर तिच्याही पुढची : घरभाड्यासाठी भाडेकरूवर तोंडसुख घेणारी आणि त्याच दमात त्याच्या जेवणाची काळजी वाहणारी ही ख्रिस्ती घरमालकीण अंधेरीतील आंबोली, मरोळ यांसारख्या जुन्या ख्रिस्ती वस्त्या जवळून पाहिलेल्या प्रेक्षकाला सहज ओळखीची वाटावी. या भूमिकेत माया शब्दांतून क्वचितच व्यक्त होते. ती खेकसण्याच्या लयीतून आणि मध्येच नजर चुकवण्यातून कळते. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, आणि ‘आनंद’मध्ये (१९७१) त्यांनीच रंगवलेल्या रुग्णालयाच्या मेट्रनलाही मुखर्जींनी डिसा हेच आडनाव दिले.

‘जंगली’तील (१९६१) हसण्यालाच बंदी घालणारी आई त्या मानाने एकरंगी आहे. ‘प्रोफेसर’मध्ये (१९६२) मात्र, म्हाताऱ्या शिक्षकाच्या वेषातील शम्मी कपूरवर भाळणाऱ्या करड्या पालक स्त्रीचे लाजणे त्यांनी थट्टेचा विषय होऊ दिले नाही. उतारवयातही मन गुंतू शकते, हे त्या काळच्या विनोदी चित्रपटात इतक्या सभ्यपणे दाखवणे सोपे नव्हते.

१९८७ मध्ये सुरू झालेल्या रामानंद सागर यांच्या दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिकेत त्या मंथरा झाल्या, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती आणि जुने चित्रपट न पाहिलेल्या पिढीला त्यांची ओळख झाली ती याच भूमिकेतून.